पूर्वेच्या कडेचे एकतीस सांधे

मिस्त्रींची ख्याती अशी, की त्यांनी जोडलेला सांधा सुटायचा नाही, एक वेळ शेजारचं लोखंड तुटेल. हे ते स्वतः कधी सांगत नसत. पण दुसरं कुणी सांगू लागलं तर त्याला अडवतही नसत. माणसाला एवढा तोरा तरी असावाच. चाळीस वर्षं त्यांनी वेल्डिंग केलं. फाटकं, पाण्याच्या टाक्या, शाळेतली घसरगुंडी. आणि हात थांबवायचे दिवस जवळ आले असताना त्यांना शहराबाहेरच्या माळावर असं एक काम मिळालं, की ते कशासाठी आहे हे बायकोला समजावताना त्यांच्या नाकीनऊ आले.

माळाच्या मधोमध टेबलाएवढा एक अँटेना उभा राहायचा होता, आणि त्याच्याखाली मैदानभर लोखंडी जाळी अंथरायची होती. प्रयोगाच्या प्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी मिस्त्रींना समोर बसवून सगळं सांगितलं. विश्वात एकही तारा नव्हता तेव्हा जिकडेतिकडे मुख्यतः हायड्रोजन वायू होता. त्याची रेडिओलहर निघते तेव्हा वीतभर लांबीची असते, पण आपल्यापर्यंत येईतो ताणून चार मीटरची होते. पहिले तारे पेटल्यावर या वायूने मागून येणाऱ्या लहरींतला थोडा भाग गिळला, म्हणजे आलेखात त्या जागी खड्डा पडलेला असणार.

"तो खड्डा मला शोधायचाय," बाई म्हणाल्या. "पण तो इतका बारीक असणार, की जाळीत कुठे सांधे कच्चे राहिले तर त्यांचाही तसाच खड्डा दिसेल."

"राहणार नाहीत," मिस्त्री म्हणाले, आणि कामाला लागले.

सात आठवडे ते गुडघ्यांवर होते. सांधा जोडायचा, थंड होऊ द्यायचा, मीटर लावून बघायचा, रजिस्टरात बरोबरची खूण करायची. तपासणारेही तेच, सही करणारेही तेच. मिस्त्रींच्या कामावर दुसरा तपासनीस नेमायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी पूर्वेच्या कडेचे एकतीस सांधे उरले होते. माळावर फोन आणायला बंदी होती, त्यामुळे फाटकावरचा पहारेकरी धापा टाकत आला. "मिस्त्री, दवाखान्यातून निरोप आहे. वहिनींना जास्त झालंय." मिस्त्रींनी वाऱ्याने जाळी उचलू नये म्हणून ते सांधे तारेने आवळले आणि पळत सुटले.

बायको शुद्धीवर होती. लग्न झाल्यापासून ते घरी आले की ती एकच विचारायची, तेच तिने आताही विचारलं.

"झालं का काम?"

"झालं," मिस्त्री म्हणाले. आजारी माणसाला दुसरं काय सांगणार? तिने समाधानाने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मिस्त्री परत आले ते पंधराव्या दिवशी. तोवर ठरल्याप्रमाणे जाळीच्या कडांवर खडी पसरून झाली होती. बाई म्हणाल्या, "घाई नाही. हवं तर अजून आठवडाभर घरी थांबा." टेबलावर रजिस्टर उघडं होतं, शेवटचं पान तेवढं कोरं. खडी उपसायची म्हणजे काम झालं नव्हतं हे तोंडाने बोलायचं. म्हणजे मरणाऱ्या बायकोला आपण खोटं सांगितलं हेही कबूल करायचं. कुणी म्हणेल, हा वेडगळपणा आहे. असेल. पण त्या दिवशी मिस्त्रींच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. तार घट्ट आहे, चालून जाईल, असं त्यांनी मनाला समजावलं, एकतीस खुणा केल्या आणि खाली सही केली.

दोन वर्षांनी बाईंनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. एरवी ओठ घट्ट मिटून वावरणाऱ्या बाई त्या दिवशी हसत होत्या. समोर आलेख, आणि आलेखात खड्डा. अठरा वर्षं त्या याच्या मागे होत्या.

"तुम्हाला आधी दाखवतेय, मिस्त्री. तुमचे गुडघे झिजलेत यात. केबल बदलून पाहिली, यंत्र बदलून पाहिलं, खड्डा जागचा हलत नाही."

"आणि जाळी?"

"जाळी तुमची. तिची कसली काळजी? रजिस्टर बघितलं आणि पुढे गेले. शुक्रवारी शोधनिबंध पाठवतेय."

घरी येऊन मिस्त्रींनी लेकीला सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही आईसाठी गेला होतात," ती म्हणाली. "कोण नावं ठेवेल तुम्हाला?"

"गेलो ते बरोबरच केलं गं. परत आल्यावर काय केलं, ते बोल."

मिस्त्रींना मूग गिळून बसायचं तर बसता आलं असतं. खडीखाली बघायला कोण जाणार होतं? पण उद्या तो खड्डा साऱ्या जगापुढे जायचा, आणि जगात दुसरे हुशार लोक होतेच. बाईंचं हसं झालं असतं. गुरुवारी सकाळी मिस्त्रींनी बाईंच्या खोलीत जाऊन उभ्याउभ्या घडाघडा सांगून टाकलं.

बाईंनी निबंध थांबवला, यंत्र बंद करवलं आणि स्वतः फावडं घेऊन खडी उपसायला आल्या. तारा गंजून काही ठिकाणी नुसती पूड उरली होती. मिस्त्रींनी एकतीस सांधे जोडले, मीटर लावून दाखवले. मग सहा आठवडे पुन्हा लहरी टिपणं चाललं. त्या दिवसांत मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला होता. खड्डा राहू दे, एवढंच ते मनात घोळवत. खड्डा राहिला तर तो ताऱ्यांचा. गेला तर आपला.

खड्डा गेला. आलेखावर सरळ रेघ आली.

बाई निबंध पाठवत नसल्याचं पत्र लिहीत होत्या. कारण म्हणून त्यांनी लिहिलं होतं, जाळीतला दोष.

"माझं नाव घाला त्यात," मिस्त्री म्हणाले. "बोला मला, बाई. काय वाटेल ते बोला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती वेळ लागला हो त्या दिवशी, ते सांधे जोडायला?"

"खडी धरून... अर्धा दिवस."

"तेव्हा येऊन सांगितलं असतंत, तर मी तो अर्धा दिवस थांबले असते," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा लिहायला लागल्या.

संध्याकाळी लेकीने दारातच विचारलं, "फार ओरडल्या का हो?"

"नाही."

"चला, सुटलात."

मिस्त्रींनी चपला काढल्या आणि भिंतीला टेकून खाली बसले. "ओरडायला हवं होतं गं त्यांनी," ते म्हणाले, आणि बायको गेल्यावरही आलं नव्हतं तसं रडू त्यांना आलं.