दुसऱ्या भागाला बाबांनी दिलेले गुण

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पुण्यात होते. दिवसा एका कंपनीसाठी भाषांतरं करायची आणि उरलेल्या वेळात एका छोट्या मराठी संकेतस्थळासाठी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायची, असं माझं चाललं होतं. दोन्ही कामं कुठूनही करता येण्यासारखी. म्हणून लॅपटॉप आणि गेमचा कन्सोल पिशवीत घालून मी म्हसळ्याजवळच्या आमच्या गावी आले, ती महिनाभरासाठी म्हणून. अजून इथेच आहे.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. झटक्याने त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता. बोलणं शाबूत होतं, पण एकेक शब्द अडकत, घासत यायचा. श्रीवर्धनहून एक बाई आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकवायला यायच्या. त्यांनी बोटांसाठी एक काम दिलं होतं : एका वाटीतले वाटाणे उचलून एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायचे. बाबांनी दोन दिवस ते केलं. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने वाटी उलटी केली.

"बालवाडीत... घातलंय मला," म्हणाले.

आईने वाटाणे गोळा केले आणि संध्याकाळी त्यांची उसळ केली. त्यानंतर बाबा दिवसभर बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून राहायचे. अंगणातही जायचे नाहीत. रस्त्याने जाणारी-येणारी माणसं "जय भीम गुरुजी" म्हणायची आणि आपल्याला पाय ओढत चालताना कुणी बघितलेलं बाबांना नको असायचं.

अशातच मला त्या गेमचं परीक्षण लिहायचं काम आलं. एका सुपरहिरो गेमचा दुसरा भाग. पाण्याला हुकूम देणारी एक बाई, खाडीवर वसलेलं तिचं शहर आणि ते गिळायला निघालेला धरणांचा एक ठेकेदार. पहिला भाग मला मनापासून आवडला होता. त्यात तिच्यापाशी पाणी मोजकं असायचं. लढता लढता संपलं की हौद शोधा, नळ फोडा, नाहीतर पळा. त्या टंचाईतच सगळी मजा होती. दुसरा भाग डाऊनलोड व्हायलाच आमच्या इंटरनेटवर तीन दिवस लागले आणि संपादकांनी पुढचे पाच दिवस दिले.

घरात टीव्ही एकच, बाहेरच्या खोलीतला. त्यामुळे दुपारी बाबांच्या बातम्या बंद करून मी खेळायला बसायचे. ते मागे खुर्चीत. मला वाटायचं, ते डोळे मिटून पडलेत.

तिसऱ्या दिवशी मुख्य कथा संपली आणि मी वहीत टिपणं काढू लागले. शहर पहिल्यापेक्षा तिप्पट मोठं, पण ओळखीचं वाटत नाही. शक्ती वाढल्यात, बर्फ करता येतो, वाफ करता येते, पण पाणी कधीच संपत नाही, म्हणून डोकंही चालवावं लागत नाही. तीच तीच माणसं हाणायची. कॅमेरा भिंतीत अडकतो. शेवट पटत नाही : ज्या ठेकेदाराने शहर बुडवायला घेतलं त्याला ही बाई ऐनवेळी पाण्यातून बाहेर काढते, का ते कळत नाही. खाली मी लिहिलं, साडेपाच, दहापैकी.

मागून आवाज आला. "फोड कुठाय?"

मी दचकून वळले. बाबा वहीकडे बघत होते.

"कसली फोड?"

"गुणांची. कथेला किती... लढाईला किती. एकदम आकडा... लिहिलास. कुठल्या प्रश्नाला दिलेस?"

मला हसू आलं. किती महिन्यांनी ते इतकं लांब बोलले होते! आई स्वयंपाकघरातून डोकावली. मी वहीचं कोरं पान काढलं, रेघा मारल्या आणि ते सांगतील तसं कोष्टक करत गेले. कथा, लढाई, शहर, चित्रं, आवाज. शंभर गुण. शेवटी ते म्हणाले, "शुद्धलेखन." गेममधले संवाद खाली हिंदी अक्षरांत येत होते, ती त्यांनी तीन दिवस वाचली होती आणि त्यातल्या चुका त्यांना पाठ होत्या.

"आता सांगा, किती देता?" मी पेन सरसावून बसले.

"मला दे," बाबा म्हणाले आणि माझ्या बाजूला पडलेल्या कंट्रोलरकडे मान केली. "पेपर हातात घेतल्याशिवाय... गुण कसे देणार?"

मी कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला. डावा हात बरोबर बसला. उजवा मी उचलून ठेवला, तो घसरला. परत ठेवला. बोटं बटणांपर्यंत पोचेनात. बाबांचा चेहरा पुन्हा वाटाण्यांच्या दिवशीसारखा होऊ लागला, तशी मी घाईघाईने गेमची सेटिंग उघडली. खेळणाऱ्याला ऐकू कमी येत असेल, रंग कळत नसतील, हात चालत नसतील, तर त्याच्यासाठी केलेल्या सोयी तिथे असतात. आजवरच्या प्रत्येक परीक्षणात मी त्यांच्यावर एक ओळ लिहिली होती. तळाला, "सोयी पुरेशा आहेत" म्हणून. त्या दुपारी मी त्या यादीतली एकेक सोय पहिल्यांदा नीट वाचली. सगळी बटणं डाव्या हाताला आणली. दाबून धरायचं ते नुसतं दाबून चालेल असं केलं. वेग कमी केला. उजव्या अंगठ्याला एकच काम ठेवलं : छोटी दांडी पुढे ढकलून नायिकेला चालवायचं. उजव्या मनगटाखाली उशी दिली.

ती बाई चालली. दोन पावलं, आणि भिंतीला जाऊन धडकली.

"कॅमेऱ्याचा... एक गुण गेला," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा बाबा कालव्याच्या काठाने नायिकेला चालवत होते. बाई दारातच थांबल्या. मी ओशाळून काही सांगणार, तेवढ्यात त्यांनी बाबांच्या अंगठ्यावर हात ठेवून बघितला.

"हा अंगठा आपणहून हलतोय," त्या म्हणाल्या. "कितीदा सांगितलं तेव्हा हलला नव्हता. चालू द्या. अर्ध्या तासाने विश्रांती मात्र घ्यायची, गुरुजी."

त्या गेममध्ये एक छोटं जोडकाम होतं, मुख्य कथेबाहेरचं, न केलं तरी चालणारं. पहिल्या भागात नायिकेने वाचवलेला एक म्हातारा नावाडी आता थकलाय. त्याला धक्क्यापासून त्याच्या घरापर्यंत चालवत न्यायचं. शक्ती वापरायच्या नाहीत, उडायचं नाही, मारामारी नाही. मी तीनदा प्रयत्न केला होता. तीनदा म्हाताऱ्याने माझा हात सोडला आणि तो खाली बसला. मग गेमने विचारलं, हा भाग वगळायचा का? मी लगेच हो म्हटलं होतं आणि वहीत लिहिलं होतं, "उगाच भरती, कंटाळवाणं."

बाबांनी नकाशावर नेमकं तेच उघडलं.

"ते सोडा हो, त्यात काही नाही," मी म्हटलं.

"पेपरातला प्रश्न... सोडायचा?"

मी बघत बसले. नायिकेने म्हाताऱ्याचा हात धरला. बाबांनी दांडी ढकलली. त्यांच्या अंगठ्यात जोर नव्हताच, दांडी जेमतेम निम्मी पुढे गेली. आणि म्हातारा चालू लागला. ती हळू, तो हळू. तो दम खायला थांबला की बाबाही थांबायचे, कारण त्यांचाही अंगठा दमलेला असायचा. मी तीन वेळा का हरले ते मला तेव्हा कळलं. दांडी टोकापर्यंत ढकलायची माझी सवय. मी त्या म्हाताऱ्याला ओढत होते.

चालता चालता तो बोलू लागला. हे बोलणं मी ऐकलंच नव्हतं, कारण माझ्याबरोबर तो तितका लांब आलाच नव्हता. त्याने सांगितलं की पूर्वी असाच एक पूर आला होता, त्याच्या होडीत एकाच माणसाची जागा उरली होती, पण काठावर उभा होता तो आपल्याला नावडता म्हणून त्याने त्याला तिथेच सोडलं. "त्यानंतर मी होडी चालवली, पण कुणाच्या डोळ्यात बघितलं नाही," असं तो म्हणाला. घर आलं. नायिकेने त्याला उंबऱ्यावर बसवलं. बस्स. बक्षीस नाही, नवी शक्ती नाही.

मी वहीतली माझी ओळ बघितली. शेवट पटत नाही. नायिका ठेकेदारालाही का बुडू देत नाही, त्याचं कारण त्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं, आणि मी ते वगळून वर खेळ बनवणाऱ्यांना दोष दिला होता.

बाबांनी कंट्रोलर मांडीवर टेकवला. मग म्हणाले, "हे ज्याने केलंय... त्याच्या घरी कुणीतरी आजारी हाय."

"कशावरून?"

"म्हातारा थांबतो ना... तेव्हा ती त्याला 'चला' म्हणत न्हाय. नुसती उभी राहते." मग ते म्हणाले, "तुझी आई... तशीच उभी राहते."

आई भिंतीशी तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते.

मी संपादकांना फोन केला आणि आणखी चार दिवस मागितले.

"अगं, सगळ्यांची परीक्षणं येऊन गेली," ते वैतागले. "आता उशिरा टाकून वाचणार कोण?"

"माझं चुकलंय," मी म्हटलं. "मी एक भाग न खेळता गुण दिलेत. तसं नाही छापता येणार."

पलीकडे त्यांनी तारखा जुळवून बघितल्या. मग म्हणाले, "बरं. पण त्यात हे लिही."

मी सगळी जोडकामं खेळले. बाबा आणि मी आळीपाळीने बसायचो, त्यांचा अर्धा तास, माझे दोन. तशी आणखी दोन चांगली निघाली, बाकीची खरोखरच भरती होती. शेवटी कोष्टक पुरं झालं. बाबांनी लढाईला वीसपैकी आठ दिले. "तोच प्रश्न... फिरवून फिरवून विचारलाय," असा शेरा. शहराला दहा, चित्रं आणि आवाजाला मिळून पंचवीस. शुद्धलेखनाला पाचपैकी दोन. कथेला मात्र सतरा. बेरीज बासष्ट झाली.

"एवढं आवडलं आणि बासष्टच?" मी विचारलं.

"आवडलं म्हणून... गुण वाढवायचे न्हायत," मास्तर म्हणाले.

मी तेच लिहिलं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा श्रीमंत आहे आणि म्हणून आळशी झालाय, पण त्याच्या पोटात एक वीस मिनिटांचं काम आहे ते पहिल्या भागात कुठेच नव्हतं. ते मी आधी वगळलं होतं, हेही लिहिलं. आणि हात न चालणाऱ्यांसाठीच्या सोयींवर चांगले चार परिच्छेद लिहिले, कुठलं सेटिंग कुठे आहे त्यासकट, लेखाच्या सुरुवातीलाच.

फार लोकांनी वाचलं असं नाही. पण आठवड्याभराने रेवदंड्याहून एका बाईंचा निरोप आला. बोटीवर दोरात अडकून त्यांच्या नवऱ्याच्या हाताची बोटं गेली होती. पूर्वी तो गेम खेळायचा, आता कन्सोल कपाटात ठेवून दिला होता. सेटिंग नीट कळत नाही, फोनवर सांगाल का, असं त्यांनी विचारलं होतं. मी सांगत होते, त्या पलीकडे मोठ्याने ती वाक्यं परत म्हणत होत्या, आणि मागून एक पुरुषी आवाज "व्हय, सापडलं" म्हणत होता.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. आदल्या वर्षी बाबा अंथरुणावर होते, तेव्हा बँकेतल्या माणसाने घरी येऊन त्यांच्या अंगठ्याला शाई लावली होती. ज्या माणसाने गावातल्या निम्म्या बायांना अंगठ्याऐवजी सही करायला शिकवली, तो त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडला होता. या वर्षी ते म्हणाले, मीच जाणार. रिक्षाने आम्ही म्हसळ्याला गेलो.

काउंटरपर्यंत ते काठी टेकत गेले. रांगेतली माणसं बघत होती. बाबांनी पेन बोटांत बसवलं आणि सही केली. अक्षरं वर-खाली, शेवटची वेलांटी भलतीकडेच. काउंटरवरच्या मुलीने संगणकातली जुनी सही बघितली आणि अवघडून म्हणाली, "जुळत नाहीये हो. अंगठा देता का? पटकन होईल."

"माझी सही... आता अशीच येते," बाबा म्हणाले.

तिने त्यांच्या काठीकडे आणि हाताकडे बघितलं. मग उठून आत गेली आणि एक छापील कागद घेऊन आली. सही बदलण्याचा अर्ज. त्यात तीन चौकोन होते, तिन्हींत नवी सही करायची.

बाबांनी पहिली केली. हात झटकला, थोडा वेळ थांबले. दुसरी केली. रांग वाढली होती. मागून कुणी घसा खाकरला तशी एक बाई म्हणाली, "होऊ द्या सावकाश. माझे मास्तर आहेत ते." तिसरी सही चौकोनाच्या जरा बाहेर गेली. मुलीने ती निरखून बघितली, तिन्ही एकसारख्या वाकड्या आहेत याची खात्री करून घेतली आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर त्यांना कडकडून भूक लागली होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही मिसळ मागवली, आणि पाव त्यांनी दोन्ही हातांनी मोडला.