तांब्याच्या कळशीतलं पाणी

सकाळी एसटीतून स्वारगेटला उतरलो तेव्हा पिशवीत एक रिकामी काचेची बरणी होती. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून लोक पुण्याला नोकरीसाठी येतात, दवाखान्यासाठी येतात. मी एक जलव्याल मागायला आलो होतो, म्हणजे हायड्रा, गोड्या पाण्यातला दोऱ्याच्या तुकड्याएवढा जीव.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. मला ते शिकवणाऱ्या बाईंनी निवृत्त होताना जलव्यालांचं भांडं माझ्या हवाली केलं होतं. त्यांनी तरुणपणी गावच्या तळ्यातून एकच आणला होता. त्याच्या अंगाला कळी फुटायची, ती सुटून नवा जीव व्हायचा. बाकीची सगळी पिलावळ त्याचीच. गेल्या महिन्यात ती माझ्या हातून मेली. तळं केव्हाच बुजवलंय. उरले ते फक्त बाईंनी पुण्याला नेलेले, आणि बाईंना मी फोनवर सांगत होतो, "मजेत आहेत."

रिक्षावाल्याने बरणीकडे पाहिलं. "बिबवेवाडीला लोणचं मागायला का?"

"तसंच काहीसं."

"येताना सांडलं तर सीट तुम्हीच पुसायची."

बाईंनी पोहे पुढे ठेवले. मी पिशवीतून बरणी काढली.

"मजेत आहेत ना? मग बरणी कशाला आणलीस?"

"मेले, बाई. सगळे."

"पाणी कुठलं घातलंस?"

"नळाचं नको म्हणून घरच्या तांब्याच्या कळशीतलं. रात्रभर ठेवलेलं. शुद्ध असतं म्हणून."

मला ती सकाळ दिसत होती: आखडून गाठी झालेली त्यांची धाग्यांसारखी शुंडकं, आणि संध्याकाळपर्यंत तळाशी नुसती राख.

"तांबं त्यांना विष आहे, हे मीच शिकवलं होतं ना तुला?"

"हो."

"म्हणजे मार्क फुकटच दिले."

त्यांनी खिडकीतला वाडगा आणला. उन्हाळ्यातून तीनच वाचले होते. एकाच्या अंगाला कळी होती. बाईंनी नेमका तोच ड्रॉपरने उचलला. बरणीही त्यांनीच धरली.

दुपारच्या एसटीत बरणी ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. खिडकीतून बाहेर एकदाही पाहिलं नाही. दर खड्ड्याला भिंग लावायचो. हडपसर सुटेपर्यंत तो आक्रसून मोहरीएवढा झाला. पुढे तर मेलेला आणि आक्रसलेला यातला फरकच मला कळेना. इतकी वर्षं शिकवूनही.

घरी बरणी टेबलावर ठेवली. बायकोने पाण्याचा तांब्या आणला. "तो टेबलापासून लांब ठेव," मी म्हणालो. माझा आवाज ऐकून ती मागे सरली.

मोहरी तशीच होती. मग तिच्यातून एक धागा निघाला, मग दुसरा. पण कुशीतली कळी नव्हती. भिंग काचेवरून फिरवत गेलो, तर कडेला तिळाएवढा दुसरा, शुंडकं पसरून बसलेला.

जलव्याल म्हातारा होत नाही, हे दरवर्षीचं वाक्य यापुढेही वर्गात म्हणेन, पण तिथे थांबणार नाही. कळशीचंही सांगेन.

बाईंना फोन लावला. "बाई, दोन आहेत."

"पाणी कुठलं आहे?"

"तुमच्याच वाडग्यातलं."

"आणि ते संपल्यावर?"

"विहिरीचं. काचेच्या भांड्यात भरलेलं."