झोळ्यांच्या खोलीचा दर्जा

लोहाऱ्याच्या जिनात आमचे घरचे, म्हणजे माझे यजमान, इंजिन चालवायचे. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळी झाली की त्याचा भोंगा सुरू व्हायचा तो उन्हाळा लागेपर्यंत. यंत्रांवर कापूस टाकायला आसपासच्या खेड्यांतल्या बाया यायच्या आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या कडेवर लेकरू असायचं. कापसाच्या ढिगाशेजारी पटकूर अंथरून त्या लेकराला निजवायच्या आणि कामाला लागायच्या. हवेत इतका बारीक कापूस उडायचा की संध्याकाळी त्या लेकरांच्या पापण्या पांढऱ्या दिसायच्या.

निजामाचं राज्य होतं. चाळीस साल मागं पडलं होतं, नेमकं साल आता सांगता येत नाही. एक दिवस मालकांना सरकारी कागद आला. जिनाच्या मुनशीनं, म्हणजे कारकुनानं, उर्दू वाचून त्याचा अर्थ सांगितला. जिनातल्या बायांच्या लेकरांसाठी वेगळी खोली पाहिजे, सांभाळायला बाई पाहिजे, आणि त्या खोलीचा मुआयना, म्हणजे तपासणी होणार. बघून झाल्यावर खोलीला दर्जा मिळणार, अव्वल, दोयम नाहीतर सोयम, म्हणजे पहिला, दुसरा नाहीतर तिसरा. दोनदा सोयम मिळाला तर जिनाचा परवाना अडणार.

मालक आमच्यातलेच, लिंगायत व्यापारी. त्यांनी आमच्या घरच्यांना बोलावून सांगितलं, "तुमच्या मंडळींना विचारा. त्यांना घरी लेकरू न्हाय, वेळ बी असतो."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी घरच्यांनी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा मला लागलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि गावात कुणाच्या बारशाला मला पुढं बसवत नसत. घरच्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नको वाटत असंल तर मी सांगतो तसं."

"मी करते," मी म्हणाले.

सरकी ठेवायची पत्र्याची खोली आम्हाला मिळाली. घरच्यांनी आडवा लोखंडी पाइप बसवला आणि त्याला जुन्या लुगड्यांच्या अकरा झोळ्या टांगल्या. जिनाच्या बाजूच्या खिडकीवर मी ओलं पोतं लावलं, म्हणजे उडता कापूस आत येऊ नये. पोतं वाळलं की पुन्हा भिजवायचं. पाण्याचा माठ, एक मोठं पातेलं, चार वाट्या, एवढा संसार. लोक त्या जागेला झोळ्यांची खोली म्हणायला लागले.

पहिले आठ दिवस लेकरं आलीच नाहीत. बाया दारापर्यंत यायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि लेकरू घेऊन परत ढिगाकडं जायच्या. का ते कुणी बोललं नाही, पण मला समजत होतं. मग एका सकाळी माकणीकडची एक बाई आली. नवरा वारलेला, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. तिनं मुलगी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अक्का, मला पर्याय न्हाय. बघा जरा." तिचं बघून दुसरी आली, मग तिसरी. महिन्याभरात अकराही झोळ्या भरल्या.

आणि काय सांगू, लेकरं इतकी शहाणी! सकाळी आणली की निजायची ती दुपार कलली तरी निजलेलीच. मी झोका देत बसायची. जिनात एवढा खडखडाट आणि माझ्या खोलीत चिडीचूप. मालक एकदा डोकावले आणि म्हणाले, "वा! हात लई चांगला आहे तुमचा." मलाही तसंच वाटायला लागलं. मनात आलं, देवानं एक दिलं नाही, पण अकरा दिली आणि ती माझ्याकडं शांत राहतात.

मुआयन्याला उस्मानाबादहून डॉक्टरीणबाई आल्या. हैदराबादकडच्या मुसलमान घरातल्या होत्या. पांढरी साडी, पायात बूट, डोळ्यांवर चष्मा. मराठी त्या तोडकं मोडकं बोलायच्या, मधेच दख्खनी. मी खोली सारवून ठेवली होती, वाट्या घासून उलट्या मांडल्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं आणि मग झोळ्यांमधून चालत गेल्या. एकही लेकरू हललं नाही. मी हसत उभी होते.

"इत्ते बच्चे, और एक भी नई रोता?" त्यांनी विचारलं.

"न्हाय बाईसाब. लई गुणाची हैत."

त्यांनी माकणीच्या बाईची मुलगी उचलली. तिच्या पापणीला बोट लावून डोळा उघडला आणि मला जवळ बोलावलं. "देखो. बाहुली केवढी आहे?"

मी वाकून बघितलं. डोळ्यातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"ये नींद नई, बाई. ये अफू है."

त्यांनी एकेक डोळा दाखवला. अकरापैकी नऊ लेकरं तशीच. आया सकाळी घरून निघताना बोटाच्या टोकावर मोहरीएवढी अफू लावून लेकराला चाटवत होत्या आणि मग ती माझ्या हवाली करत होत्या. अफू दुकानात उघड मिळायची. खेड्यापाड्यांत कितीतरी आया असं करायच्या, हे मलाही ऐकून माहीत होतं. पण माझ्या खोलीत ती नऊ लेकरं रोज गुंगीत पडलेली असतात आणि मी त्याला स्वतःच्या हाताचा गुण समजते, हे कळलं तेव्हा जमीन फाटावी असं झालं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, सोयम. जाताना दारात थांबल्या. "मी होळीच्या आधी पुन्हा येणार. तेव्हा मला रोने की आवाज पाहिजे. आणि एक वही ठेव. कोण किती प्यालं, किती निजलं, सगळं लिही."

त्या रात्री मी जेवले नाही. घरच्यांनी विचारलं तर सगळा राग त्यांच्यावर काढला. ते ऐकून घेत राहिले. सकाळी भोंग्याच्या आधी मी खोलीच्या दारात उभी राहिले आणि बाया आल्यावर सांगितलं, "अफू चाटवलेलं लेकरू मी आत घेणार न्हाय."

एकच गलका झाला. एकजण म्हणाली, "मग दिसभर बोंबलंल त्ये. मुकादम आम्हाला ठिवील का कामावर?" दुसरी म्हणाली, "आमच्या आयांनी आम्हाला बी दिलीया, आमी मेलो का?" आणि माकणीची बाई, जिनं माझ्यावर सगळ्यात आधी भरवसा ठेवला होता, ती रागानं म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय अक्का? तुम्हाला कुठं लेकरू हाय!"

तिनं लगेच मान खाली घातली. बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं असावं.

मी म्हणाले, "न्हाय मला. म्हणूनच तुमचं जगवायचं म्हणते. तुझी एकटीची पोरगी दे मला, बिनअफूची. आठ दिवस. नाही जमलं तर मीच ही खोली सोडते."

मुलगी माझ्याकडं देऊन ती मागं न बघता यंत्राकडं गेली. बाकीच्यांची लेकरं तेवढे आठ दिवस मी होती तशीच आत घेतली.

पहिले तीन दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. ती मुलगी रडायची म्हणजे नुसती रडायची नाही, अंग ताठ करून, मुठी आवळून, निळी पडेपर्यंत. घामानं भिजायची. दूध द्यावं तर ओकायची. मी तिला खांद्यावर घेऊन त्या पत्र्याखाली फिरत होते. येरझाऱ्या घालून माझे पाय सुजले. दुसऱ्या दिवशी मलाच वाटलं, हे आपल्याला जमायचं नाही, हिचा जीव जाईल आणि आळ माझ्यावर येईल. दुपारी तिची आई धावत आली, रडणं तिला जिनाच्या खडखडाटातूनही ऐकू आलं होतं. मी म्हणाले, "घे पदराखाली." ती तिथंच जमिनीवर बसली आणि मुलीला पाजलं. थोडं थोडं करून मुलगी प्याली आणि शांत झाली. तेवढ्यात मुकादम ओरडत आला आणि आईला उठून जावं लागलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लेकराला भूक लागते तेव्हा आई यंत्रावर असते. भुकेचं रडं दाबायलाच अफू लागत होती.

चौथ्या दिवशी मुलगी सकाळभर जागी राहिली. ज्वारीची पातळ पेज चार चमचे खाल्ली. दुपारी माझं नाक तिनं मुठीत धरलं आणि हसली. खरं हसणं. तिच्या आईला बोलावून दाखवलं तर ती माझ्याकडं बघून रडायला लागली, "माजी पोरगी हसती व्हय अक्का? म्या कधी बघितलंच न्हाय."

दुसऱ्या आठवड्यात तीन आयांनी अफू बंद केली. खोलीत रडारड सुरू झाली आणि इकडं मालकांचं डोकं फिरलं. त्यांनी बोलावून घेतलं. मी घरच्यांबरोबर गेले, पण मालकांशी बोलले मीच.

"आप्पा, दिवसातून दोनदा आयांना पाजायला सोडा."

"यंत्र बंद ठेवू का मी?"

"लेकरू रडताना ऐकून बाईचं ध्यान चुकलं आणि हात यंत्रात गेला, तर किती वेळ बंद ठेवाल?"

बायकोनं नवऱ्याच्या मालकाशी असं बोलायची रीत नव्हती. तेव्हा घरच्यांनी पुढं होऊन हिशोब मांडला. शेजारशेजारच्या दोन यंत्रांवर दोन बाया असतात. एक पाजायला गेली तर दुसरीनं तेवढा वेळ दोन्हीकडं कापूस टाकायचा. मग ती आल्यावर दुसरीनं जायचं. यंत्र थांबायचं नाही. मालकांनी मुनशीकडं बघितलं, मुनशीनं मान हलवली. "आणि पुन्हा सोयम आला तर?" मी म्हणाले. त्यावर मालक म्हणाले, "बरं, बघू करून."

मला लिहायला-वाचायला वडिलांनी शिकवलं होतं. घरातल्या दुकानाच्या मागच्या खोलीत पाटीवर. ते आता कामाला आलं. मी वही केली. सकाळी कोण हसत आलं, कुणी किती वेळा पेज खाल्ली, कुणाला जुलाब, कुणाला ताप. लिहिता लिहिता मला लेकरं वेगळी वेगळी दिसायला लागली. आधी ती सगळी मिळून एकच निजलेलं लेकरू होतं.

शेवटची आई महिन्यानं तयार झाली. तिच्या घरी सासू होती, अफू तीच चाटवायची. माकणीची बाई स्वतः तिच्या घरी जाऊन सासूशी भांडून आली. काय बोलली ते मला तिनं कधी सांगितलं नाही.

होळीच्या आधी डॉक्टरीणबाई परत आल्या. त्या दिवशी माझ्या खोलीत काय चाललं होतं! दोघं पेजेच्या पातेल्यावरून भांडत होते, एकजण पोत्याचं भोक मोठं करत होता, तिघं रडत होती. माकणीच्या बाईची मुलगी आता रांगत होती. ती सरळ बाईंच्या पायाशी गेली, त्यांच्या बुटाचं बंद ओढायला लागली आणि तिथंच त्यांच्या साडीवर मुतली. मी धावले. त्यांनी हातानं मला थांबवलं, खाली बसल्या, चष्मा काढला आणि तिचे डोळे बघितले. मग एकेकाचे बघितले. वही मागितली. मराठी त्यांना नीट वाचता येत नव्हतं, म्हणून मला वाचायला लावली. सगळी. पानं उलटत मी वाचत होते आणि त्या ऐकत होत्या.

त्यांनी मांडीवर कागद ठेवून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "काम अव्वल. मकान दोयम."

मग म्हणाल्या, "पत्रा है, गर्मी में बच्चे भुन जाएंगे. पक्की छत पाहिजे. तुझ्या मालकाला अव्वल पाहिजे असेल, तो बनाएगा." आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मैं बहुत जगह गई, बाई. शोर वाली जगह कम देखी."

मालकांना 'दोयम' टोचला. उन्हाळ्यात त्यांनी दगडी भिंतींची, माळवदाच्या जाड सपाट छताची खोली बांधली. तिला दोन खिडक्या, बाहेर न्हाणी. बांधकाम चालू असताना मी रोज उभी राहून खिडक्या जिनाच्या उलट्या बाजूला ठेवायला लावल्या. गवंडी वैतागला, पण ठेवल्या.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांसाठी अवघड होते. दोन हंगाम जिन धड चाललंच नाही. माणसं गावं सोडून जात होती, कुणी परत येत होती. निजामाचं राज्य गेलं. डॉक्टरीणबाई कुठं गेल्या, उस्मानाबादेत विचारलं तर कुणालाच सांगता आलं नाही. त्यांना नवी खोली दाखवायची राहिली, याची रुखरुख आजही आहे.

नव्या सरकारचा माणूस मुआयन्याला आला तेव्हा झोळ्या अठरा झाल्या होत्या. तरुण होता, पुण्याकडचा असावा. मी भिंतीवर लावलेला डॉक्टरीणबाईंचा उर्दू कागद बघून म्हणाला, "हे काय लिहिलंय? आता हे कशाला?" मी त्याला तो कागद तोंडपाठ म्हणून दाखवला, एकेक शब्द, जसा त्या बाईंनी वाचला होता तसा. मग मराठीत अर्थ सांगितला. तो ऐकत राहिला. त्यानं खोली बघितली, वही बघितली, लेकरांचे डोळे बघायचे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं, ते मी दाखवलं. शेवटी त्यानं विचारलं, "तुमच्या मते काय दर्जा लिहू?"

"अव्वल लिहा," मी म्हणाले. "आणि जागा बी अव्वल लिहा."

त्यानं तसंच लिहिलं. मी सही करायला कागद हातात घेतला, तेव्हा आयांपैकी कुणीतरी मागून म्हणालं, "अक्का, मोठ्यानं वाचा की." मी वाचला.