हुरड्याच्या ज्वारीतली नांगरट

ती घटना आजही आठवली की आधी दमायला होतं, मग स्वतःचंच हसू येतं. मी नवी फौजदार होते. डोळ्यांवर काळा गॉगल, आवाज असा की ठाण्यातलं मांजरही सावधान उभं राहावं.

कर्जत तालुक्यातल्या एका गावानं आपलं गायरान चराईबंदी करून राखलं होतं. छातीएवढं गवत, त्यात काळविटं आणि लांडग्यांची बिळं. ऐन हिवाळ्यात तो माळ पेटला. पोलीस पाटलांचा फोन आला, "म्याडम, मेंढपाळानं लावली म्हनत्यात."

झालं! मी त्या मेंढपाळ म्हातारबाबांना ठाण्यात आणून टेबलावर हात आपटला. हात मलाच लागला.

"नव्या चाऱ्यासाठी पेटवलंस ना?"

"बाई, पाऊस लई लांब हाय. तवर मेंढरांना काय राख चारू व्हय?"

हवालदार खिडकीकडे बघून हसले. मी बाबांना चहा पाजून घरी सोडलं आणि पंचनाम्याला निघाले.

एका बिळाच्या तोंडाशी लांडग्याची पिल्लं भाजून पडली होती. गॉगल काढावा लागला. वनखात्याला कळवून मी जळालेल्या माळाच्या कडेकडेनं चालत राहिले. एका बागायतदाराच्या बांधाशी आग थांबली होती. बांधाच्या आत ज्वारीच्या चार ओळी नांगरून टाकलेल्या. ढेकळांत कणसं दबलेली, दाणे हिरवे. ढेकळांवर राख उडून बसली होती, म्हणजे नांगरट आगीच्या आधीची. हुरड्याला आलेली ज्वारी कोणी मोडतं? मी शेतकऱ्याचीच पोर. आग आपल्या शेतात येणार हे ज्याला आधीच ठाऊक, तोच ती अडवायला असा मोकळा पट्टा काढेल.

त्याला बोलावलं. या वेळी टेबल वाचलं.

"दादा, हुरडा खायचा सोडून नांगरलात कशाला?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "गवत हाय तवर हरनं हायेत. हरनं हायेत तवर गाव माळाचा मुरूम उचलू देत न्हाई. ठेका मला मिळनार हुता."

गुन्हा दाखल झाला, तो जामिनावर सुटला. ग्रामसभेत मात्र मुरूम उचलू द्यायचा ठराव पडला. गवत पुन्हा आलं, काळविटंही आली. लांडगी त्या बिळाकडे फिरकली नाही.

त्या तपासानं मला एक शिकवलं. संशयित काय जाळतो यापेक्षा तो काय वाचवतो, ते आधी बघावं. दुसरं शिकायला निवृत्ती यावी लागली. आरोपी एकदा पकडला की आपली फाईल बंद होते, माळाची होत नाही. परवा तेव्हाच्या त्या हवालदारांचा फोन आला. मुरमाचा ठराव पुन्हा येतोय, ठेकेदार नवा.

नात म्हणाली, "आजी, तू आता रिटायर आहेस."

म्हटलं, "मी झाले गं. मुरूमवाले कुठं होतात?"

गुडघे कुरकुरतायत. मत द्यायचा हक्क त्या गावात मला नाही. तरी ग्रामसभेला जाऊन मागच्या सतरंजीवर बसणार आहे. कोण हात वर करतो, तेवढं बघायला.