गुरुजींनी दिलेलं आडनाव

लग्नसराई आली की जिंतूरला शहाऐंशी वर्षांच्या माधवराव गुरुजींच्या ओसरीवर माणसं येतात. कारण जुनं आहे. येलदरीच्या धरणात सावळदरी गाव गेलं, तेव्हा तिथून उठून आलेल्या चाळीस पोरांची नावं नव्या शाळेत एकाच दिवशी घालायची होती. आडनाव विचारलं की पोरं नुसती बघत राहायची, कारण गावात ते कुणी विचारलंच नव्हतं. तरण्या गुरुजींनी थोरांना विचारायची तसदी घेतली नाही. सरसकट सगळ्यांपुढे सावळदरीकर लिहून टाकलं. पुढे पहिली सोयरीक अडली, तेव्हा घरोघर फिरून प्रत्येकाचं मूळ आडनाव आणि देवक त्यांना विचारून घ्यावं लागलं.

यंदा बन्सीधर सावळदरीकर आपल्या नातीला, वैष्णवीला, घेऊन आला.

"गुरुजी, पोरगा आमच्या शेजारच्याच घरचा, लय गुणी हाय. पण त्यो बी सावळदरीकर. भावकीत सोयरीक कशी करायची?"

"भावकी कसली? माझा आळस आहे तो," गुरुजी खेकसले. "तुम्ही मूळचे ढगे, देवक कळंब. ते वाघ, त्यांचं देवक मोरपीस. खुशाल बार उडवा."

बन्सीधरचा जीव भांड्यात पडला. "मंग आता पत्रिकेत जुनंच आडनाव छापतो. ही कटकट तरी मिटंल."

"नको आबा, हेच ऱ्हाऊ द्या," वैष्णवी म्हणाली. "माझ्या समद्या मैत्रिणींचं आडनाव लग्नात गेलं. माझं तेवढं ऱ्हाईल."