पसंतीचा पहिला रकाना

आमच्या घरात चष्मा नसलेलं माणूस एकच, माझी धाकटी बहीण. खाली बाबांचं चष्म्यांचं दुकान, वर राहायची जागा, आणि आई, बाबा, मी असे तिघेही जाड काचांमागून जग बघणारे. त्यात ही जन्मली ती लख्ख डोळे घेऊन. बाबांनी तिला घार म्हणायला सुरुवात केली आणि पुढे शाळेतल्या बाईसुद्धा तेच म्हणू लागल्या.

तिच्या डोळ्यांचं कौतुक हा दुकानातला ठरलेला कार्यक्रम होता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर ताटाएवढं एक अक्षर, खाली उतरत उतरत अगदी बारीक ओळ. बाबा तिला खुर्चीत बसवायचे, एक डोळा झाकायचे, आणि ती शेवटची ओळ घडाघडा म्हणायची. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. मला तिसऱ्या ओळीलाच घाम फुटायचा. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा.

बाबांना तरुणपणी हवाई दलात जायचं होतं. डोळ्यांनी घात केला आणि त्यांनी इतरांच्या डोळ्यांवर संसार उभा केला. त्यामुळे घार वैमानिक होणार, हे तिच्याआधी त्यांनीच ठरवून टाकलं होतं. पण वेड तिचं स्वतःचं होतं, हे मान्य केलं पाहिजे. दिवसभर दुकानात काचा घासायची आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की यंत्रावर पुस्तक टेकवून वाचायची. भरतीच्या लेखी परीक्षेत दोनदा आपटली. दोन्ही वेळा रडली नाही, जेवली आणि पुस्तक उघडून बसली. तिसऱ्यांदा पास झाली, तेव्हा वयाच्या अटीत तिचं शेवटचं वर्ष उरलं होतं.

मग आला पसंतीचा अर्ज. हवाई दल, नौदल की भूदल, हे क्रमानं लिहायचं. नियम असा, की पहिल्या रकान्यात जे लिहाल तिथलीच डोळ्यांची तपासणी, आणि तिथे नापास झालात तर त्या वर्षीचा अर्ज बाद. घारीला पुढचं वर्ष नव्हतंच. चुकीचं दल लिहिलं असतं तर आयुष्यभर काचाच घासत बसली असती.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. बंदरात क्रेन चालवणारे काका नौदलावर अडून बसले. हलत्या जहाजावर विमान उतरवणाऱ्यालाच ते वैमानिक मानायला तयार होते. बाबा हवाई दलाशिवाय बोलत नव्हते. भूदलाकडे हेलिकॉप्टरं असतात हे आईला तर ठाऊकही नव्हतं. घारीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि भरती कार्यालयातल्या तिन्ही खिडक्यांवर जाऊन शंभर प्रश्न विचारून आली. वहीत तीन पानं भरली. तिला स्वतःला लढाऊ विमानच हवं होतं, हे हवाई दलाच्या पानाखाली दोनदा ओढलेल्या रेघेवरून मला कळलं होतं.

अर्ज भरायला तीन आठवडे असताना काच घासताना तिच्या उजव्या डोळ्यात कण गेला. डॉक्टरांनी दोन दिवस पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी ती बाहेरून आली आणि थेट तक्त्यासमोर बसली. बसचा नंबर बस अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसला नाही, म्हणाली. मी म्हटलं, डोळा दमला असेल, तक्ता वाच की. तिनं वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, एकही चूक नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

ती उठली. हात पुसायचा टॉवेल तक्त्यावर टाकला, परत खुर्चीत बसली आणि टॉवेलाकडे बघत तीच ओळ पुन्हा म्हणून दाखवली.

"दादा, मी ही कधी वाचलीच नाहीये," ती म्हणाली. "मला पाठ आहे."

वीस वर्षं एकच तक्ता, तीच खुर्ची, आणि तपासणारे बाबा. कंपनीनं पाठवलेला नवा तक्ता कपाटामागे गुंडाळून पडला होता, कारण बाबांचा जुन्यावर हात बसला होता. मी तो उलगडला. उजव्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर त्या डोळ्यानं तिनं सगळा वाचला. डावा शेवटून दुसऱ्या ओळीवर अडला.

हवाई दल आणि नौदल या दोघांनाही वैमानिकाच्या डोळ्यांवर काच चालत नव्हती. भूदलाच्या हेलिकॉप्टरला थोडा नंबर चालत होता. मी तिला चक्क लबाडी शिकवायला निघालो. म्हटलं, सकाळी ताज्या डोळ्यांनी जा, जरा बारीक करून बघ, एवढ्याशा फरकानं निघून जाशील. मला बाबांची काळजी होती, हे माझं कारण. ते काही फार चांगलं कारण नव्हतं.

"त्या दिवशी निघेन रे," ती म्हणाली. "पण नंतर रोज कुणीतरी माझ्या भरवशावर मागे बसणार."

मग तिनं स्वतः बाबांना सांगितलं. त्यांनी नव्या तक्त्यावर तिला तीनदा तपासलं, काचा बदलून बदलून. अर्धा नंबर, एवढंच म्हणाले आणि कागदावर लिहून दिला. घारीनं त्यांच्यासमोरच पहिल्या रकान्यात भूदल लिहिलं. बाबांनी तिचा चष्मा स्वतः बनवला, पण त्या दिवसापासून एकाही गिऱ्हाइकाचे डोळे तपासले नाहीत. ते काम माझ्याकडे ढकललं आणि स्वतः फ्रेमचे स्क्रू आवळत बसायला लागले. आई समजावून थकली.

तपासणीला आम्ही तिघं गेलो. बाबा आणि मी दाराबाहेरच्या बाकावर. दार अर्धवट उघडं होतं. आतले डॉक्टर कागद बघत म्हणाले, बाकी सगळं उत्तम, चष्म्यासकट पास. मग त्यांनी विचारलं, इतका लहान नंबर, दुसरा डोळा चांगला असताना माणसाला वर्षानुवर्षं कळत नाही, तुमचा कुणी शोधून काढला?

"माझ्या बाबांनी," घार म्हणाली. "त्यांचं दुकान आहे. त्यांनी तीनदा तपासून खात्री केली."

मी बाबांकडे बघायचं टाळलं. माझेच डोळे भरून आले होते. आजवर तिचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. मग मला म्हणाले, "उद्यापासून डोळे मी तपासतो. तू स्क्रू बघ."