अंगणाबाहेरचा माणूस

आमच्या सुरक्षिततेची काळजी कुणाला वाटू लागली की मी आधी सावध होते. त्या काळजीत ठरलेला एक थंडगार हॉल असतो, एक पडदा असतो, कोरडा उपमा असतो आणि जन्मात कधी जीपच्या मागच्या फळीवर न लटकलेला एक शहाणा असतो.

नंदुरबारला आम्हा नर्सबायांना बोलावलं होतं. विषय काय, तर कामाच्या ठिकाणी आणि समाजात वावरताना स्वतःला कसं जपायचं. शिकवायला आलेले सर लांबच्या शहरातले. पायात पांढरेशुभ्र बूट. आमच्या वाटेवर ते पहिल्या ओढ्यापर्यंतसुद्धा पांढरे राहिले नसते. म्हणाले, "ताईंनो, अनोळखी गाडीत बसू नका. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवा."

डोंगरात नोकरी करणाऱ्या आम्ही सगळ्या पदराआड हसलो. तळोद्याहून वर जाणाऱ्या जीपला नंबरप्लेट असलीच तर तिच्यावर कुणाचा तरी पाय असतो. आणि फोटो पाठवायचा कसा? आमच्या उपकेंद्रात रेंज नाही, फोन लावायचा तर मागच्या टेकडीवरच्या खडकावर चढायचं. त्यावर सरांचं उत्तर तयार होतं, "मग लोकेशन शेअर करून ठेवा." कुणाशी शेअर करू? बकऱ्यांशी?

मी हात वर केला. म्हटलं, "सर, उपकेंद्राला लागूनच्या आमच्या क्वार्टरच्या दाराला आतून कडी नाही. अर्ज करून हात दुखले. तेवढी कडी मिळवून द्या, बाकीचं आमचं आम्ही बघू."

सर हसले. म्हणाले, "मॅडम, तो इन्फ्रास्ट्रक्चरचा विषय आहे. आज आपण माइंडसेटवर बोलतोय."

घ्या! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग पडद्यावर एक चित्र आलं. एक घर, त्याचं कुंपण आणि कुंपणाबाहेर उभा एक माणूस, सबंध काळ्या रंगात. नाक नाही, डोळे नाहीत. सर आवाज खाली आणून म्हणाले, "असा माणूस काही न बोलता तुमच्या घराकडे बघत उभा दिसला की समजायचं, धोका. दार उघडायचं नाही. नजरेला नजर द्यायची नाही. शिट्टी वाजवायची." लगेच प्रत्येकीला एक लाल प्लास्टिकची शिट्टी वाटली आणि सगळ्यांना शिट्ट्या तोंडात धरायला लावून फोटो काढला. त्या फोटोत मी नाही. उपम्याची ताटली ठेवायच्या निमित्ताने मी मुद्दाम बाहेर सटकले होते.

माझ्याबरोबर आमच्या उपकेंद्रात नवीन आलेली, माझ्याच क्वार्टरमध्ये राहणारी पोरगी होती. खाली सपाटीवरच्या कळसाडीकडची, कापूस-उसाच्या घरातली, पहिलीच नोकरी. घरी अहिराणी बोलणारी, डोंगर फक्त लांबून निळा पाहिलेला. कामाला वाघीण, पण मनातून घाबरट. रोज झोपताना धान्याचा पत्र्याचा डबा दाराला लावायची. मी चिडवायचे, "अगं, चोर आला तर डबाच घेऊन जाईल." ती म्हणायची, "हसू नका ताई, माले भ्याव वाटस." तिची आईही खडकावरच्या त्या फोनवर एकच मंत्र म्हणायची, "दार लाई ले, बेटा." त्या पोरीने सरांचा शब्द न् शब्द मनापासून ऐकला. शिट्टी तिने गळ्यातच अडकवली.

आता आमच्या पाड्यांवरची एक रीत सांगते. तिथे कुणी दारावर थाप मारत नाही. दुसऱ्याच्या अंगणात न बोलावता शिरणं म्हणजे उद्धटपणा. बाईमाणसाच्या घरी तर नाहीच नाही. माणूस येतो, अंगणाच्या कडेला उभा राहतो आणि घरातल्याने हाक मारायची वाट बघतो. काम जितकं मोठं, तितका तो गप्प. मी उपकेंद्रात असले की माझं अर्धं लक्ष खिडकीबाहेर असतं. कुणी दिसलं की मीच ओरडते, "ये रे, काय झालं?" पोरीने मला ओरडताना पाहिलं होतं, पण का ओरडते ते तिला अजून उमगलं नव्हतं. नवीनच होती बिचारी.

नंदुरबारहून परतल्यावर एके दिवशी मी सकाळच्या जीपने तळोद्याला गेले. लसी आणायच्या होत्या, आणि दाराची कडी मी माझ्या पदरच्या पैशांनीच घेणार होते. सरकारी माइंडसेट कधी बदलणार, कुणी सांगावं! पाड्यावरची आशा सेविका नात्यातल्या लग्नाला गेलेली. पोरगी एकटी.

दुपार कलताना मी परतले. जीपमधून उतरले तर मोहाच्या झाडाखाली एक माणूस उभा. मळकी बनियन, हातात काठी, ओठ सुकलेले. ओढ्यापलीकडच्या वरच्या पाड्यावरचा, माझ्या ओळखीचा. त्याच्या बायकोचे दिवस भरले होते. मी विचारलं, "कधी आलास?" त्याने हाताने सूर्य जिथे होता ती जागा दाखवली. सकाळची जागा होती ती. म्हणाला, "बाळाचा पाय बाहेर आलाय. सुईण म्हणाली, नर्सबाईला आण. मी उभा राहिलो तर बाईने खिडकी लावून घेतली. मग शिट्टी वाजवली. मला वाटलं बाईला राग आला, म्हणून इकडे सावलीत येऊन थांबलो."

राग आला! शिट्टीने हाकललेला माणूस पुन्हा आदबीने थांबून राहिला होता, आणि वर बायको तळमळत होती.

मी दार ढकललं. डबा आणि टेबल दाराला लावून पोरगी कोपऱ्यात बसलेली, शिट्टी मुठीत. म्हणाली, "ताई, तो मानूस सकायपासून तठेच उभा शे." मी म्हटलं, "ऊठ. बाळंतपणाची पेटी घे." तिचं तोंड पांढरं पडलं. पण उठली. जीपवाल्याला थांबवून ठेवलं आणि तिघं वर धावलो.

बाई वाचली. झोळीत घालून पाड्यावरच्या चौघांनी तिला खाली आणली, जीपमध्ये टाकली, दवाखान्यात पोचवली. बाळ मात्र आम्ही वर पोचलो तेव्हाच गेलेलं होतं. मुलगी होती. सकाळी निघालो असतो तर ती जगली असती का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण सकाळी निघालो नाही, एवढं मात्र नक्की.

पोरगी परतताना एकच विचारत राहिली, "ताई, माझ्यामुळे?" मी सांगितलं, "नाही. तुला दाराला कडी दिली असती तर तू खिडकी उघडून निदान विचारलं असतंस. तुला शिट्टी दिली." घरी आल्यावर मी तळोद्याची कडी पिशवीतून काढली आणि दगडाने खिळे ठोकून तिथल्या तिथे बसवली. ठोकताना मी कुणाकुणाला काय काय शिव्या दिल्या ते छापता यायचं नाही.

मग काही दिवसांनी तो माणूस परत आला. तिथेच, अंगणाच्या कडेला. या वेळी पोरीनेच हाक मारली. तो आत आला, टॉवेलात बांधलेलं आमचूर तिच्यापुढे ठेवलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला घाबरवलं. माझं चुकलं." एवढं बोलून निघूनही गेला. पोरगी आमचुराकडे बघत हुंदके देत राहिली. मला तर संतापाने रडूही येईना.

सुरक्षेचा पुढचा वर्ग भरला तेव्हा तेच सर होते. बूट नवे, उपमा तोच. कार्यक्रम किती यशस्वी झाला ते सांगून झालं आणि पडद्यावर तो काळा माणूस आला, तसाच कुंपणाबाहेर उभा. सरांनी आवाज खाली आणला. "ताईंनो, हा कोण आहे?"

माझ्याआधी आमची पोरगी उठली. घरात अहिराणी बोलणारी, पण तिथे अगदी शाळेतल्यासारखं स्वच्छ बोलली. "सर, याची बायको अडली आहे. हा नर्सला बोलवायला आलाय."

सर घड्याळ बघत म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ."

पोरगी खाली बसली नाही. ती चित्रातल्या माणसाकडे बघत तशीच उभी राहिली, त्याला कुणी आत बोलावण्याची वाट बघत.